दुपारची उत्तरपत्रिका

“माधेऽ, आहेस का वंऽ?”

तुरीच्या ओळीपलीकडून ही हाक येई. आई, पंचफुला, दुसऱ्याच्या वावरात रोजानं कापूस वेचायची. वेचता वेचता मधूनच मान वर करून हाक मारायची, कारण तुरी डोक्यावर गेलेल्या असत आणि त्यात लेक, माधवी, दिसत नसे. हाकेला ‘हाव’ म्हणायचं, एवढंच काम. ‘हाव’ ऐकली की आईची मान पुन्हा खाली, बोटं पुन्हा बोंडात. पण एका दिवशी वारा उलटा होता. आईची हाक वाऱ्यावर बसून थेट कानाशी येत होती, आणि माधवीची ‘हाव’ तोंडातून निघाली की मागच्या मागे उडून जात होती, काळ्या मातीवरून, बांधावरच्या बाभळीवरून, कुठं तरी जिथं तिची कोणालाच गरज नव्हती. आई पुन्हा हाक मारी. ती पुन्हा ओ देई. हळूहळू त्या हाकेतला प्रश्न गेला आणि तिथं भलतंच काही आलं. रडण्याच्या आधी गळ्यात जे येतं ते. माधवी जागच्या जागी उभी राहून घसा फाडून ‘हाव, हाव’ करत राहिली. ती होती, ती ओ देत होती, आणि तरी ती नव्हती. शेवटी आई तुरी मोडत धावत आली, आधी तिनं एक चापट लावली, मग छातीशी धरलं. “ओ काहून देत नाई वं?” “देली होती माय.” “मले नाई आली.” दोघींचंही खरं होतं.

ही हाक इतक्या वर्षांनी अमरावतीच्या इर्विन चौकात, लाल दिव्यापाशी, स्कुटीवर बसल्या बसल्या का आठवावी? तर फोन वाजला होता. मे महिना उतरणीला लागला होता, पण ऊन काही उतरायचं नाव घेत नव्हतं; सकाळीच डांबर मऊ पडलं होतं आणि चौकातली माणसं डोक्याला, तोंडाला दुपट्टे गुंडाळून नुसत्या डोळ्यांची झाली होती. नंबर परदेशी होता. माधवीनं दुपट्ट्याच्या आतच फोन खुपसला. पलीकडून एक बाई फार सावकाश, पुस्तकातलं वाचावं तसं बोलली, “नमस्कार. आपण श्रीमती माधवी तायडे बोलत आहात काय? मी अंजनी रामजी. मॉरिशसहून बोलते. माझ्या निकालावर अनुपस्थित असे लिहिले आहे. मी अनुपस्थित नव्हते.” एवढं बोलून ती थांबली. तिच्या मागं कुठं तरी यंत्राची घरघर होती, धुलाईची असावी, आणि पाण्याचा आवाज. दिवा हिरवा झाला, मागच्या ऑटोवाल्यानं भोंगा धरून ठेवला, मग मान बाहेर काढून ओरडला, “ओ बाई, हिरवा झाला नं! का इथीच पंगत बसवता?” पलीकडची बाई वाट पाहत होती. तिला ऑटोवाला ऐकू गेला असेल का? गेला असेल तर ही कुठली मराठी, असं वाटलं असेल. “पाहते मी,” माधवी म्हणाली. “आपण पाहाल. आभारी आहे,” ती बाई म्हणाली. फोन ठेवल्यावर माधवीनं स्कुटी कडेला घेतली आणि रसवंतीच्या सावलीत पाय टेकून नुसती उभी राहिली. पाहते म्हणाली ती. काय पाहणार होती? जे पाहायचं ते कधीच पाहून झालं होतं.

ती दूरशिक्षण मंडळात होती. लोक विचारत, तुमी शिकवता काय? नाही, ती शिकवत नसे. नेपाळ, भूतान, केनिया, मॉरिशस, अशा कुठल्या कुठल्या देशांत मंडळाची केंद्रं होती. तिथली माणसं दिवसा पोटामागे राबत आणि उरलेल्या वेळात शिकत. त्यांचे धडे, त्यांचे वर्ग, त्यांच्या परीक्षा ज्या सर्व्हरच्या मशिनींवरून आणि तारांवरून जात, त्या सगळ्याची राखण माधवीकडे. मुख्य मशीन अमरावतीत, जोडीची दुसरी अकोल्यात. एकीवर ओझं झालं की दुसरीनं खांदा द्यायचा. मंडळातल्या तिच्या खोलीत भिंतीवर घड्याळांची रांग होती, एकेका देशाचं एकेक. काठमांडूचं आपल्याहून पाव तास पुढं, आणि हे पाव तासाचं प्रकरण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला तिला फार आवडे. जणू जगाच्या चुलीवर कुठं काय शिजतंय ते तिला बसल्या जागी कळत होतं. त्या घड्याळांखाली बसून चूक झाली असती तर एक वेळ समजलं असतं. पण चूक घरी झाली, चटईवर.

तो रविवार होता. दूरशिक्षणाचे पेपर रविवारीच असतात, कारण बाकीचे दिवस त्या माणसांचे नसतात. मॉरिशसच्या केंद्राचा पेपर सकाळचा होता, वेळापत्रकात तसं लिहिलेलंच होतं. माधवीनं सकाळी मशिनी पाहिल्या, सगळं ठीक होतं. मग आईनं आंब्याचा रस केला होता. वऱ्हाडात मे महिन्यात रस-पोळी जेवल्यावर माणूस माणूस राहत नाही. खिडक्यांना चादरी लावलेल्या, कुलरच्या वाळ्याचा ओला वास, अंधाऱ्या खोलीत थंडगार फरशीवर चटई. सगळं गाव तसंच पडलेलं. बाजार बंद, रस्ते मोकळे, कुत्री नाल्यांत. ह्या दुपारच्या झोपेचा कोणी कायदा केलेला नाही, पण तिच्यापुढं कोणाचं चालत नाही. सावकार तगादा लावत नाही, मागणारा येत नाही, भांडणंसुद्धा उन्हं कलल्यावर होतात. तशात अकोल्याहून सहदेवचा फोन आला होता. सहदेव खंडारे, तिथल्या मशीनचा ऑपरेटर, कंत्राटावरचा, बाळापूरहून रोज येणारा. “ताई, एसी गेला बरं. मशीन तव्यावानी झाली. पडदाबी हालून नाई राहिला. काय करू?” एसीची तक्रार जुनीच होती, नव्याची फाइल कोणाच्या तरी टेबलावर उन्हाळा काढत होती. आणि माधवी, जिच्या भिंतीवर देशोदेशीची घड्याळं होती, ती चटईवर कूस बदलून म्हणाली होती, “दुपारचं कोन असते भाऊ? सकाळचा पेपर सरला. पाडा खटका. त्यालेबी निजू द्या जराक.”

सकाळचा पेपर. पण तो तिथल्या सकाळचा होता. मॉरिशस आपल्याहून दीड तास मागं; तिथली सकाळ सरते तेव्हा इथं भर दुपार असते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही; हे ठाऊक असण्याचाच ती पगार घेत होती. पण रसाच्या झोपेत सकाळ म्हणजे सकाळ असते आणि दुपार म्हणजे दुपार, सगळ्या पृथ्वीवर एकच, चादरी लावलेली, वाळ्याच्या वासाची. तिनं खटका पाडायला सांगितलं तेव्हा समुद्रापार तीसेक माणसं लिहून उठत होती आणि त्यांचे पेपर अकोल्याच्याच मशिनीत येत होते. त्यांच्या पडद्यावर आलं होतं, ‘आपली उत्तरपत्रिका पोचली’. ते खोटं नव्हतं. परीक्षेच्या गर्दीत मशीन अडू नये म्हणून माधवीनंच तशी रीत घातली होती: पेपर आला की मशिनीनं तो आधी आपल्या चालू आठवणीत धरायचा, धरल्या धरल्या पोच द्यायची, आणि मग जमेल तसा पक्क्या जागी उतरवून ठेवायचा. चालू आठवण म्हणजे ओंजळीतलं पाणी. वीज गेली तर ओंजळ सुटू नये म्हणून बॅटरी होती. पण खटका बॅटरीच्या अलीकडचा, मशिनीच्या बाजूचा. माणसानंच आपल्या हातानं ओंजळ उघडली तर बॅटरी काय करील?

त्यानंतर पुढचं सगळं आपोआप झालं. कोणी दुष्टपणा केला नाही. ज्याचा पेपर मशिनीत नाही तो गैरहजर, असं मशिनीला कोणी तरी कधी तरी सांगून ठेवलेलं होतं, मशिनीनं ते ऐकलं. आणि कोणी सलग तिसऱ्यांदा गैरहजर राहिला तर त्याचं नाव कटतं, हाही नियम तितकाच जुना. अंजनी रामजीच्या नावापुढं आधीच्या दोन गैरहजेऱ्या होत्या. पेपर गेल्याचं कळलं त्याच दिवशी माधवीनं ते पाहिलं होतं. एकदा तिकडं चक्रीवादळ झालं होतं. दुसऱ्या वेळी का, ते मशिनीला माहीत नव्हतं. आता ही तिसरी. हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करत करत त्या बाईनं पदवीचे सगळे पेपर काढले होते, हा एकच उरला होता. आता तोही गेला आणि आधीचे सगळे त्याच्या मागोमाग. बाकीच्या तीसेक जणांना पुढच्या खेपेला बसता येईल. हिला बसताच येणार नव्हतं.

रसवंतीवाल्यानं विचारलं, “रस देऊ काय मॅडम?” रस हा शब्द ऐकताच तिनं स्कुटी चालू केली. ती घरी गेली. खरं तर अकोल्याला जायचं होतं. दुपारी सगळ्या देशांच्या केंद्रांशी पडद्यावरून बैठक होती आणि कुलसचिव वानखडे सरांनी तिला अकोल्याच्या मशीनपाशी बसूनच बोला असं सांगितलं होतं. तपासणी चालू आहे असं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण तिला एकदा आईच्या हातचं पाणी प्यावंसं वाटलं. आई दारातल्या सावलीत बसून चिंचा फोडत होती. हल्ली तिला कमी ऐकू येई आणि म्हणून ती स्वतः मोठ्यानं बोले, जणू सगळं जगच बहिरं झालं आहे. “काहून परत आली वं? काई इसरली?” “पानी प्याले आली.” “पानी आफिसात नाई मियत?” आईनं तांब्या दिला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. न विचारता पाहत राहण्याची आईची जुनी खोड. मग माधवीनं नको ते सोडून एवढंच सांगितलं, “माय, समुद्रापल्याडून एका बाईचा फोन आलता. मराठी बोलते.” “आपल्यावानी?” “नाई. पुस्तकावानी. तिचे आजे-पंजे इकून गेले होते जहाजानं, उसाच्या कामाले.” आईचा हात थांबला. चिंचोका बोटांत तसाच. परमुलखात राबायला गेलेलं कोणी म्हटलं की आईला ते आपल्याच माहेरचं वाटे. मग ती त्या तिच्या मोठ्या, फाटक्या आवाजात, ना म्हटल्यासारखं ना गायल्यासारखं म्हणाली,

“दूरच्या गं देशाची, वाट पान्याची पान्याची,
तेथं नेली मायबाईनं, शिदोरी बोलन्याची.”

आईला अशा ओव्या सुचत. जात्यावर बसून सुचत, निंदताना सुचत. जातं गेलं, वावर सुटलं, तरी सुचत राहिल्या. कोणी उतरवून घेतल्या नाहीत. माधवीनंही नाही, तिला नेहमी वाटे की आई आहेच, मागितली की म्हणेल. पण मागून म्हटलेली ओवी वेगळी निघे, हे तिला ठाऊक होतं. आलेली ती गेली. “काय म्हने ते बाई?” आईनं विचारलं. “परीक्षेचं इचारत होती.” “मंग सांगतलं का तुनं?” माधवीनं तांब्या पालथा घातला. “सांगतो म्हनलं.” “सांगजो बाप्पा. तेवढ्या दुरून इचारून राह्यली.” आणि आई पुन्हा चिंचा फोडू लागली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, म्हणजे उन्हाची. बडनेरा गेलं, मग लोणी. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी वावरं तडकून पडलेली, त्यात एखादा निंब एकटाच हिरवा. काच बंद केली तर जीव घुसमटे, उघडली तर चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखी झळ. पुढच्या बाकावर एक नवरी होती, हळदीच्या हातांची, माहेराहून निघालेली, आणि तिच्याबरोबरची म्हातारी तिला ओल्या फडक्यानं वारा घालत होती. माधवीचं लक्ष त्या फडक्यापेक्षा म्हातारीच्या हाताकडेच लागलं. थकत होता आणि थांबत नव्हता. वारा घालून ऊन कमी होत नाही. म्हातारीला ते कळत नसेल का? मुर्तिजापूरच्या अलीकडे वानखडे सरांचा फोन आला. सर मनानं वाईट नव्हते. मंडळ उभं करण्यात त्यांचे केस गेले, असं ते स्वतःच टक्कल दाखवून सांगत. “तायडे मॅडम, बैठकीत तुम्हाला एकच वाक्य बोलायचं आहे. उत्तरपत्रिका आमच्यापर्यंत आल्या नाहीत, तिकडून जोडणी तुटली असावी. ‘असावी’ म्हणा, म्हणजे खोटंही होत नाही.” “सर, त्यांना पोच गेली आहे.” “पडद्यावर दिसली असेल. कोणी फोटो काढून ठेवतं का? हे पाहा, आपली चूक म्हटली की चार देशांची मान्यता हलते. हजारो पोरांचं पाहायचं की तिसांचं? आणि अकोल्याचं मी आतल्या आत मिटवतो. तो खंडारे कबूल झालाय, खटका त्यानंच पाडला म्हणून. त्याचं कंत्राट पुढं वाढणार नाही, संपलं.” माधवीनं तोंड उघडलं. तेवढ्यात बस आचका देऊन थांबली, कंडक्टर ओरडला, फोन तुटला. की तिनंच तोडला? बोट लाल खुणेवर होतं खरं. तो परत आला नाही आणि तिनंही लावला नाही.

खंडारे कबूल झालाय. कबूल कशाला झालाय, हे सरांना माहीत नव्हतं. फोन दोघांत झाला होता. तिसऱ्या कोणी तो ऐकला नव्हता. सहदेवनं एवढंच सांगितलं होतं की मशीन तापली आणि मी खटका पाडला. कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाच्या सावलीत माधवी गेले कितीक दिवस बसली होती. सावली म्हणजे तरी काय, उन्हातल्या माणसाला खांबाचीही पुरते. बोरगाव मंजू आलं. नवरी उतरली. तिला घ्यायला आलेल्या बायांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बस पुन्हा चालू झाली. बसच्या घरघरीत तिला आईची एक जुनी ओवी आठवली, त्या तुरीच्या दिवसानंतरच्या कुठल्याशा संध्याकाळी आई भाकरी थापताना म्हणाली होती ती,

“वारा सुटला शिवारी, त्यानं नेली माही हाक,
लेक बोलली का नाई, कोनी पाहा गं जराक.”

कोणी पाहायचं? पाहणारी तीच होती. पाहून बसली होती.

अकोल्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा ऊन असं होतं की सावल्याही पायाखाली लपल्या होत्या. केंद्राच्या दारात सहदेव माठातलं पाणी घेऊन उभाच. “या ताई. आधी पानी प्या. मशीनचं काय, ते मेलेलंच हाय, कुठी पयून जाते?” आतल्या खोलीत नवा एसी गार हवा सोडत होता. सहदेवनं त्याच्याकडे हात करून म्हटलं, “पाहा कसा आला. तेरवीच्या दिवशी डाक्टर.” माधवी मशीनपाशी बसली आणि तिनं पुन्हा शोधलं. आधीही शोधलं होतं, अमरावतीहून शोधलं होतं, ह्यातल्या जाणत्या माणसांना विचारूनही शोधलं होतं. ओंजळीतलं पाणी ओंजळीत शोधत होती. तिचे हात मात्र आपणहून चालत होते आणि ते चालत आहेत तोवर काही तरी चाललं आहे असं वाटत होतं. सहदेव मागं स्टुलावर बसून होता. “ताई, माही घरवालीबी असंच करते. डबा रिकामा झालेला तिले माहीत रायते, पन येता-जाता झाकन काढून पाहते. लाडू काई पैदा होत नाई.” तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले, म्हणून तिनं पडद्याकडेच तोंड ठेवलं.

“भाऊ, तुमी त्यायले माहं नाव काहून नाई सांगतलं?”

एसीचं पाणी बाहेर बादलीत टपटपत होतं. “कोनं इचारलंच नाई. अन् इचारलं असतं तरी काय? खटक्यावर हात कोनाचा होता? माहा. हाताले काई सांगाले लागते काय, का हे काम माधवीताईनं सांगतलं म्हनून?” मग जरा सरकून बसत म्हणाला, “तुमी नका बोलू. माही मुदत अशीबी सरून राह्यली. तुमची नोकरी पक्की, घरी माय हाय. मी बाळापूरले जाईन, पोराच्या दुकानावर बसीन.” “दुकान चालते काय?” “चालते कायचं, बसते. तोबी बसते, मीबी बसीन. दोघं बसू.” त्यानं हे विनोदानं म्हटलं होतं. पण म्हणून झाल्यावर तो आपल्या तळहाताकडे पाहत राहिला, जणू तो खरंच कोणा दुसऱ्याचा होता, आणि माधवीला कळलं की हा माणूस आपल्याला वाचवत नाहीये; त्याला नुसतं माहीत आहे की कोणाला बुडावं लागतं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि तिनंही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. कितीक दिवस ती रोज सकाळी उठून ‘नाही’ म्हणत नव्हती. शाळेत असताना तिला वाटे की धैर्य म्हणजे काही तरी मोठ्यानं करायची गोष्ट. वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत ती घोषणा द्यायची तेव्हा तिचा आवाज सगळ्यांत वर जायचा. त्या आवाजाचं काय झालं? तो असेल कुठं तरी, तिच्या त्या ‘हाव’ जिथं गेल्या तिथं.

बैठक लागली. पडद्यावर चौकोन चौकोन उजळत गेले. काठमांडूचा चौकोन, थिंफूचा, नैरोबीचा. कोणाच्या मागं खिडकी, कोणाच्या मागं पुस्तकं. वानखडे सर अमरावतीहून, टेबलावर फुलदाणी. मॉरिशसचे केंद्रप्रमुख दिसले, आणि त्यांच्या बाजूला, अर्धी चौकोनाबाहेर गेलेली, एक बाई. धुलाईखान्याच्या निळ्या कपड्यांतच होती, कामावरून तशीच आलेली असावी. केस तेल लावून बसवलेले. आवाजावरून वाटली होती त्याहून वयानं मोठी. प्रमुखांनी इंग्रजीत सांगितलं की ह्या विद्यार्थिनीला आपलं म्हणणं मांडायचं होतं, म्हणून बसवलं आहे. मग इंग्रजी सुरू झालं. सगळेच चांगलं बोलत होते. सरांनी खेद म्हटला, अपरिहार्य म्हटलं, पुढील सत्रात विशेष काळजी म्हटलं. शब्द गुळगुळीत होते, नदीतल्या गोट्यांसारखे, एकावर एक ठेवले तरी भिंत होत नाही असे. अंजनी रामजी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती. नैरोबीच्या प्रमुखांनी विचारलं, पण ह्यांना तर पोच मिळाली म्हणतात? सर म्हणाले, त्याबद्दल आमच्या तंत्रप्रमुख सांगतील. तायडे मॅडम.

तिनं आपला चौकोन उजळलेला पाहिला. त्यात एक दमलेली बाई होती, गळ्यात दुपट्टा, मागं स्टुलावर सहदेव. सहदेव उठून चौकोनाबाहेर गेला. तो ज्या तऱ्हेनं उठला, पाहुणे आले की घरातला गडी उठतो तसा, आवाज न करता, ते तिच्या काळजात लागलं. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. ‘असावी’सकट तयार होतं. ते बोललं की बस पकडायची, उन्हं कलतील, आई दारात असेल. न बोललं तर? पेपर परत येणार नव्हता. तो काही केल्या येणार नव्हता. खरं बोलून येणारी वस्तूच नव्हती ती. मंडळाची चूक ठरली तर अंजनीचं नाव कटणार नाही, एवढंच. तिला पुन्हा सगळं वाचावं लागेल, पुन्हा एखाद्या रविवारी बसावं लागेल, आणि तिच्यात तेवढं बळ उरलं असेल की नाही कोणास ठाऊक. सहदेवची नोकरी राहील असंही नाही. तिची स्वतःची जाईल, हे त्यातल्या त्यात नक्की. एका बाजूला सगळं जात होतं आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच येत नव्हतं. असला सौदा कोणता शहाणा माणूस करील? “मॅडम, आवाज येत नाही तुमचा,” सर म्हणाले. तिनं बोलायला सुरुवातच केली नव्हती. “मॅडम?”

तेवढ्यात अंजनी रामजी पुढं झाली. तिचा चेहरा चौकोनात पुरा आला. कोणी बोलायला सांगितलं नव्हतं, केंद्रप्रमुखांनी हात आडवा धरला, पण ती बोलली, इंग्रजीत नाही, त्या तिच्या सावकाश, शिकून ठेवलेल्या मराठीत. “क्षमा करा. मला एवढेच विचारायचे आहे. मी त्या दिवशी तेथे बसले होते. मी लिहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार चांगले लिहिले. तरी सर्वजण म्हणतात, मी नव्हते. आता मलाच वाटू लागले आहे, की मी नव्हते. आपण पाहते म्हणालात. आपण पाहिले काय?”

काठमांडूवाल्यांना काही कळलं नाही, ते नम्रपणे हसले. वानखडे सरांना कळलं. त्यांचा हात पडद्याकडे सरकलेला दिसला, आवाज बंद करायला की चष्मा पुसायला, सांगता येत नव्हतं. दाराशी सहदेव मान हलवत होता, नका, नका. माधवीनं पाहिलं आणि तिच्या मनात काहीच उजळलं नाही, कोणतंही बळ आलं नाही. ती इंग्रजीत बोलली नाही. सरांशी बोलताना वापरायची ती नीटनेटकी मराठीही तिच्या तोंडात आली नाही.

“बाई, तुमी होत्या,” ती म्हणाली. “तुमचा पेपर आमच्यापाशी आलता. पुरा आलता. आमच्या इथी दुपार होती, मी निजली होती, अन् मशीन बंद कराले मीच सांगतलं. सहदेवभाऊनं मले इचारूनच खटका पाडला. तुमी लिहेलं आता कोठीच नाई, मी लय पाह्यलं. पन तुमी होत्या.”